साखरेच्या जिल्ह्यात साखर कमी करताना

सांगलीच्या विश्रामबागेत एखाद्याने साखर सोडायची ठरवली की पहिला अडसर येतो तो पाहुणचाराचा. कुणाच्याही दारात पाय ठेवला की 'घोटभर च्या घ्या की' हे ठरलेले. 'साखर नको' म्हटले की काकूंचा चेहरा उतरतो आणि लगेच तोडगा निघतो, 'मग गूळ घालू का?' दुपारी विलिंग्डन किंवा वालचंद कॉलेजच्या आसपास चहाबरोबर क्रीमरोल, संध्याकाळी शंभर फुटी रस्त्यावर फेरी मारून झाली की भेळ, आणि उन्हाळा लागला की रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. ज्या दिवशी गोड खाण्याची मुळीच इच्छा नसते, त्या दिवशीही अशी बरीच साखर पोटात जाते.

त्यात जिल्हाच उसाचा. सांगली शहराला लागून वसंतदादा पाटलांनी उभा केलेला सहकारी कारखाना, साखराळ्याला राजारामबापू, कुंडलला क्रांती, वांगीला सोनहिरा, वाळव्याला हुतात्मा. कारखान्यांच्या सभासदांना सवलतीच्या दराने साखर मिळते, त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर गावाकडच्या घरांत पोतेच येऊन पडते. त्यातली पाच-दहा किलो नोकरीनिमित्त विश्रामबागेत राहणाऱ्या लेकाकडे किंवा लेकीकडे पोचते. घरात साखर अशी आयती आली की कुणी मोजायला जात नाही.

एक दिवस बारकाईने पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. साखर दिवसातल्या ठरावीक वेळी आणि ठरावीक हातांनी घरात येते. सकाळचा चहा, त्यात बुडवायचे बिस्किट, अकराचा ऑफिसातला चहा, पाचची भूक, रात्रीच्या जेवणानंतरची चाळवाचाळव आणि आल्यागेल्याचा पाहुणचार. या जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. म्हणून 'आजपासून गोड बंद' अशी शपथ घेण्यापेक्षा एकेका वेळेची सोय आधी लावलेली बरी. मनाचा निग्रह पाच वाजता भूक लागली की ढिला पडतो. त्या वेळी डब्यात फुटाणे असले तर निग्रहाची गरजच उरत नाही.

आधी बरणी भरा

किती साखर चालते, याला सरळ उत्तर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की दिवसभरातल्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक वरून घातलेल्या साखरेतून यावेत आणि ५ टक्क्यांच्या खाली आणता आले तर अधिक चांगले. दोन हजार उष्मांकांचा आहार धरला तर हे आकडे ५० आणि २५ ग्रॅम होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनीही २५ ग्रॅमचीच मर्यादा सुचवली आहे. सपाट चमचा साधारण ४ ग्रॅमचा, म्हणजे दिवसाला सहा चमचे. या हिशेबात गूळ, काकवी, मध आणि फळांचा रस धरायचा. अख्ख्या फळातली आणि दुधातली नैसर्गिक साखर मात्र धरायची नाही.

देशातला साखरेचा खप माणशी वर्षाला सुमारे २० किलो आहे. मिठाई, शीतपेये, बिस्किटे यांत जाणारी साखरही त्यातच आली. दिवसाला हे सुमारे ५५ ग्रॅम होतात, मर्यादेच्या दुप्पट.

ग्रॅमचा हिशेब रोज ठेवणे कुणालाच जमत नाही. स्वयंपाकघरात वाटी-चमचाच चालतो. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० साली पाककृती वाटी-चमच्याच्या मापात दिल्या आणि पुस्तक घराघरांत पोचले, त्याचे एक कारण हेच. साखरेसाठीही असेच घरगुती माप वापरावे. चार माणसांच्या घराला रोज १०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला तीन किलो, आणि त्यात बाहेर खाल्लेलेही आले. निम्मी साखर बाहेरून येते असे धरले तर घरात दीड किलो उरते. एक तारखेला दीड किलोची बरणी भरावी आणि पोते माळ्यावर ठेवावे. गूळ आणला तर तेवढी साखर बरणीतून कमी करावी. पहिल्या महिन्यात कशालाही हात लावू नये, बरणी कितव्या तारखेला रिकामी होते एवढेच पाहावे. बहुतेक घरांत ती महिनाअखेरपर्यंत पुरत नाही, आणि त्या तारखेवरून घरातल्या सगळ्यांना परिस्थिती न सांगता कळते.

चहाचे पातेले

सगळ्यात मोठी गळती चहाची. कपाला दोन चमचे, दिवसाला चार कप, म्हणजे ३२ ते ४० ग्रॅम. एकट्या चहाने मर्यादा ओलांडली. आपल्याकडे साखर पातेल्यातच उकळतात, त्यामुळे कुणाला कमी हवी असली तरी सगळ्यांना सारखीच मिळते. पहिला बदल म्हणजे साखर पातेल्याबाहेर काढणे. चहा बिनसाखरेचा उकळावा, साखर कपात ज्याने त्याने घालून घ्यावी. आजोबा दोन चमचे घालतील, सूनबाई अर्धा घालील, भांडण नाही. मग दर आठवड्याला पाव चमचा कमी करत जावे. आले, गवती चहा, वेलची यांनी चव भरते, पण त्यांनी गोडी येते अशी स्वतःची समजूत घालू नये.

साखर सोडल्यावर डोके दुखते, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. बऱ्याचदा दोष साखरेचा नसतो. बिनसाखरेचा चहा आवडत नाही म्हणून माणूस चहाच सोडतो आणि चहातले कॅफीन अचानक बंद होते. कॅफीन तुटल्यावर बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी, सुस्ती, चिडचिड सुरू होते, एक-दोन दिवसांत ती कळसाला पोचते आणि आठवडाभर रेंगाळू शकते. उपाय सोपा आहे. चहाचे कप तेवढेच ठेवून आधी साखर उतरवावी, कप कमी करायचे असतील तर ते नंतर.

जीभ खरोखर बदलते का, याची तपासणी अमेरिकेत झाली आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात काही जणांनी तीन महिने साखर बरीच कमी केली. अखेरीस तेच पुडिंग त्यांना आधीपेक्षा जास्त गोड लागू लागले. गोडाची आवड मात्र कमी झाली नाही. घरी लागू पडेल असा अर्थ काढायचा तर, श्रीखंड नकोसे होईल अशी आशा धरू नये, पण अर्ध्या चमच्याच्या चहात पुरेशी गोडी लागेल यावर भरवसा ठेवावा. त्यासाठी दोन-तीन महिन्यांची वाट पाहण्याची तयारी हवी. दहा दिवसांत कंटाळून सोडलेला प्रयत्न हा जिभेला वेळच न दिल्याचा प्रकार असतो.

टपरीवरच्या आणि अमृततुल्यच्या चहात साखर आधीच उकळलेली असते. तिथे 'बिनसाखरेचा' मागितला तर काही ठिकाणी वेगळा करून देतात. नाही मिळाला तर अर्धा कप घ्यावा.

गूळ चालतो ना?

सांगलीच्या मार्केट यार्डात गुळाची मोठी बाजारपेठ आहे आणि शेजारच्या कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे 'साखर बंद, गूळ चालू' हा इथला सर्वांत लाडका मधला मार्ग. गुळात लोह, पोटॅशियम असे काही क्षार असतात, साखरेत ते जवळपास नसतात, हे खरे. पण १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० उष्मांक, तर तेवढ्याच गुळात सुमारे ३८० असतात. गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो आणि रक्तातली साखर तो जवळजवळ तितकीच वाढवतो. क्षारांचा लाभ व्हावा इतका गूळ खायचा तर साखरेची मर्यादा कधीच मागे पडलेली असते. चव म्हणून गूळ जरूर खावा, मोजताना मात्र साखरच समजावा. मधालाही हेच लागू.

आमटीतल्या गुळाच्या खड्याची काळजी करू नये. दहा ग्रॅमचा खडा चार ताटांत वाटला जातो. आमटी बेचव करून घरच्यांचा रोष ओढवून घेणारे लोक दुपारी पावशेर रस पिऊन येतात. उसाच्या रसाच्या मोठ्या पेल्यात २५ ते ३० ग्रॅम साखर असते, अडीचशे मिलिलिटरच्या शीतपेयाच्या बाटलीत जवळपास तेवढीच. पिऊन घेतलेल्या साखरेने पोट भरल्यासारखे वाटत नाही, म्हणून कात्री लावायची ती आधी पेयांना.

गोड गोळ्यांचे काय? वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ही सूचना लागू नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांच्या जिभेला या गोळ्या तितक्याच गोडाची सवय लावून ठेवतात.

पाकिटाची मागची बाजू

'प्रक्रिया केलेले अन्न टाळा' हा सल्ला ऐकून लोक गोंधळतात, कारण गिरणीत दळलेले पीठ, घुसळलेले ताक, उन्हात वाळवलेले सांडगे ही सगळी प्रक्रियाच आहे. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अन्नाचे चार गट पाडले, त्यातला शेवटचा गट अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाचा. घरी ओळखायची खूण अशी, की घटकांच्या यादीत आपल्या स्वयंपाकघरात कधीच नसणारी नावे आली की ते पाकीट या गटातले. इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद, माल्टोडेक्स्ट्रीन, इनव्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज ही त्यातली नेहमीची. चकली, लोणचे, घरचा पापड या गटात बसत नाहीत. त्यातल्या तेला-मिठाचा विचार वेगळा करावा लागतो.

साखर, मीठ, चरबी सारखी ठेवली तरी अतिप्रक्रिया केलेले अन्न जास्त खाल्ले जाते का, हे अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी तपासले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात वीस माणसे महिनाभर संस्थेतच राहिली. दोन आठवडे त्यांना पाकीटबंद धाटणीचे अन्न दिले, दोन आठवडे साधे शिजवलेले. ताटात वाढलेले उष्मांक, साखर, चरबी, तंतू दोन्ही वेळा सारखे होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. पाकीटबंद आठवड्यांत माणसांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले आणि दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. साध्या जेवणावर तेवढेच उतरले.

दुकानात पाकीट हातात घेतल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे, त्यामुळे पहिल्या तिनांत साखर किंवा तिचे एखादे भावंड असेल तर तो खाऊ गोडच. दुसरे, पोषणाच्या तक्त्यातला साखरेचा आकडा चाराने भागावा, चमचे निघतात. साध्या ग्लुकोज बिस्किटांत १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चमचे. टोमॅटो केचपही त्याच्या आसपास जातो. तिसरे, हा आकडा १०० ग्रॅमचा आहे की 'एका सर्व्हिंग'चा, हे पाहिल्याशिवाय दोन पाकिटांची तुलना करू नये.

पुढच्या बाजूवरच्या शब्दांकडे लक्ष देऊ नये. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरींना ऑनलाइन दुकानांनी 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नये, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाला एप्रिल २०२४ मध्ये सांगावे लागले, कारण अशी व्याख्याच कायद्यात नाही.

पाच वाजता काय?

सर्वांत जास्त माघार संध्याकाळी पाच ते सात या वेळात घेतली जाते. जेवण दुपारी एकचे, रात्रीचे नऊला, मध्ये आठ तास. या वेळी समोर खारी, टोस्ट, क्रीमचे बिस्किट असले तर तेच पोटात जाणार. त्यामुळे पाचचा खाऊ सकाळीच ठरलेला असावा.

या भागात त्याची वाण नाही. भाजलेल्या शेंगा, फुटाणे, मोड आलेली मटकी कांदा-लिंबू पिळून, काकडी, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, उरलेल्या भाकरीचा फोडणी दिलेला कुस्करा. भडंग करताना बहुतेक घरी मेतकूट आणि तिखटाबरोबर पिठीसाखर भुरभुरतात. ती वगळून लसूण थोडा जास्त घातला तर कुणाला चुकल्यासारखे वाटत नाही. पोह्यांतला आणि उपिटातला साखरेचा चमचाही असाच सहज निघतो. सकाळच्या नाश्त्यात मुगाचे धिरडे, अंडी, दही-थालीपीठ असे काही प्रथिनांचे असले तर अकराची भूक उशिरा लागते आणि कमी लागते.

तासगावची द्राक्षे आणि बेदाणा हा इथला अभिमानाचा विषय. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. पण १०० ग्रॅम द्राक्षांत सुमारे १६ ग्रॅम साखर असते, तर वाळून बेदाणा झाल्यावर तेवढ्याच वजनात ६० ग्रॅमच्या वर. द्राक्षे वाटीभर, बेदाणे चिमूटभर. मधुमेह असेल तर द्राक्षांचेही प्रमाण विचारून घ्यावे.

सण, पाहुणे आणि टोमणे

पुरणपोळीत डाळ आणि गूळ साधारण बरोबरीने, श्रीखंडात चक्का आणि साखर बरोबरीने. हे पदार्थ वाईट नाहीत, त्यांचे दिवस ठरलेले आहेत आणि ते दिवस पाळावेत. गडबड होते ती सणाच्या पुढच्या आठवड्यात, उरलेले श्रीखंड फ्रीजमधून चमचा-चमचा संपवताना. सणाला माणसे मोजून करावे, उरले तर त्याच दिवशी शेजारी पोचवावे. गोड जेवणातच खावे, मधल्या वेळी नको. दातांनाही ते बरे, कारण साखर किती वेळा तोंडात जाते यावर दातांची कीड बरीच अवलंबून असते.

पाहुणा म्हणून गेल्यावर लांबलचक व्याख्यान देऊ नये. 'वहिनी, चहा घेतो, पण माझा साखर घालायच्या आधी काढा' एवढे दारातच सांगितले की यजमानाचा मान राहतो. नुसते 'काही नको' म्हटले की आग्रह वाढतो. आपल्या घरीही पाहुण्यांसाठी ताक, सोलकढी, शेंगांची वाटी हा पर्याय ठेवता येतो.

एखादा काका हमखास म्हणतो, 'ऊस आपणच लावायचा आणि साखर नको असंही आपणच म्हणायचं?' कारखान्यांचा गाडा आता नुसत्या साखरेवर चालत नाही. इथेनॉल आणि वीजनिर्मितीतूनही पैसा येतो, २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. एका घराने महिन्याला दोन किलो साखर कमी आणल्याने कुणाच्या उसाचा दर पडत नाही.

मुलांच्या बाबतीत थोडी कडक भूमिका घेण्याला आधार आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरही ब्रिटनमध्ये साखर रेशनवर होती, सप्टेंबर १९५३ मध्ये ते उठले आणि खप जवळपास दुप्पट झाला. गर्भावस्थेपासून दोन वर्षांपर्यंतचा काळ रेशनमध्ये गेलेल्या मुलांना मोठेपणी मधुमेह होण्याचा धोका सुमारे ३५ टक्के, तर उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्के कमी आढळला, असे २०२४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दाखवले. दोन वर्षांखालच्या बाळाच्या खिरीत, पेजेत साखर-गूळ घालूच नये. एक वर्षाखालच्या बाळाला मधाचे चाटणही देऊ नये, त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होते. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी सीबीएसईने मे २०२५ मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. नेहमीच्या खाऊत किती साखर असते हे त्यावर दाखवायचे असते. तोच तक्ता घरच्या फ्रीजवर मुलांकडून काढून घेता येईल.

गोळ्या चालू असतील तर

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यातले जे इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांनी मात्र लेख वाचून उद्यापासून सुरुवात करू नये. औषधाचा डोस तोच ठेवून खाणे एकदम कमी केले तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही तिची लक्षणे. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि डॉक्टरांना कळवावे. अशी औषधे घेणाऱ्यांच्या खिशात साखरेची पुडी असलीच पाहिजे.

बाकीच्यांनी सुरुवातीलाच वजन, कंबरेचा घेर आणि एचबीए१सी यांची नोंद करून ठेवावी. एचबीए१सी ही तपासणी रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणून ती पुन्हा करायची तर तीन महिन्यांनी. त्यासाठी उपाशीपोटी जावे लागत नाही. ५.७ च्या खाली सामान्य, ५.७ ते ६.४ हा उंबरठा, ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेहाची शक्यता आणि डॉक्टरांची गाठ. रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो, त्यामुळे हिमोग्लोबिनचा अहवाल, चालू औषधांची यादी आणि बरणी कितव्या तारखेला संपली याची तीन महिन्यांची नोंद, एवढे बरोबर घेऊन जावे.